तीनशे शोती

एका शोतीमागे मला वीस तेत्री मिळतात.
म्हणजे हेलिओस तीनशे शोतींचा,
मीर पाचशे दहाची,
आणि ज्युपिटर... त्याचा हिशेब मी अजून
भावाला सांगितलेला नाही.

पहाटे चारला मी भट्टीत वाकते,
कमरेपर्यंत आत, पाय जमिनीवरून सुटलेले,
कणकेची लांबट होडी तापल्या भिंतीवर थापते
आणि श्वास घ्यायच्या आत बाहेर.
भट्टीचं तोंड गोल. तळाशी विस्तव.
कुणी छतावरून पाहिलं तर मी दिसेन
एका मोठ्या भिंगात डोकं खुपसलेली बाई.

शनिवारी कोरड्या पुलावर जुम्बेर चादर अंथरतो.
काटेचमचे, कुणाकुणाच्या आजोबांची पदकं,
डॉक्टरी चिमटे, चिनी मातीचं एक हरीण,
आणि कडेला, झाकणं लावून, भिंगं.
भाव तो आधी सांगत नाही. विचारतो,
"काय पाहायचंय तुला?"
पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नाही
म्हणून सगळ्यांत स्वस्त होतं ते घेतलं.

हेलिओसच्या पोटात बुरशी निघाली,
कोळ्यानं विणायला घेऊन मध्येच सोडल्यासारखी.
जुम्बेर म्हणाला, उन्हात ठेव, मरेल.
आठवडाभर खिडकीत ठेवला, लोणच्याच्या बरणीशेजारी.
बुरशी मेली. डाग राहिला.
त्या डागातून त्सिउरीचा फोटो काढला:
ती स्वच्छ, आणि मागचं तुतीचं झाड
गरगर फिरणारं.
"मी बरी आलेय," त्सिउरी म्हणाली,
"झाड मात्र प्यालंय."

मग हाव सुटली. खोटं कशाला बोलू.
बूट तेच राहिले. दाढ दुखत होती, दुखू दिली.
मीर घेतली, कारण आमचं स्वयंपाकघर
हेलिओसमध्ये मावेचना;
भिंतीला पाठ लावली, बाल्कनीच्या कठड्यावर चढले,
तरी एक तर आई यायची, नाही तर शेगडी.
सदतीस मिलिमीटरमध्ये दोघी बसल्या.
फ्रिजवर चिकटवलेलं गॅसचं बिलसुद्धा बसलं.

इंडस्टार पैशानं आला नाही.
रोज दोन गरम शोती, चाळीस दिवस,
जुम्बेरच्या घरी, आठव्या मजल्यावर.
लिफ्टला नाणं लागतं, म्हणून जिन्यानं.
एवढंसं भिंग, बिस्किटाएवढं,
पण त्याची कडी फिरवताना
अजून माझी पोटरी भरून येते.

ज्युपिटर चामड्याच्या डब्यात होता.
तीन हप्ते ठरले. दुसऱ्या हप्त्यालाच
जुम्बेरनं तो घरी नेऊ दिला.
त्या रात्री आईचा फोटो काढला, दुसऱ्या खोलीतून.
जवळ गेलं की ती रुमाल सारखा करते,
ओठ मिटते, पासपोर्टला बसल्यासारखी.
लांबून तिला कळलं नाही.
ती तांदूळ निवडत होती आणि कुणाशी तरी
मनातल्या मनात भांडत होती,
आणि जिंकत होती, असं वाटलं.

डबा पुसताना अस्तराखाली कागद लागला,
चौघडी घातलेला. पेन्सिलीचं बारीक अक्षर:
फेब्रुवारी, बारा रूबल.
मार्च, बारा.
एप्रिल, सात. पुढे एकच शब्द, कोट.
मे, बारा.
जून.
जूनसमोर काहीच नाही.

मी जुम्बेरला विचारलं.
त्यानं खांदे उडवले, "डबा आला तो असाच."
मग उगाच हरीण पुसत बसला,
शिंगं पुसून झाल्यावर पुन्हा शिंगं.

या महिन्यात शेवटचे साठ द्यायचे होते.
मी पंचवीसच नेले, गाल सुजलेला,
अर्ध्या तोंडानं सांगितलं.
तो म्हणाला, उरलेले डिसेंबरात दे.

घरी येऊन कागद उलगडला.
जूनच्या खाली बोटभर जागा सोडून लिहिलं:
सप्टेंबर, साठ लारी.
ऑक्टोबर, साठ.
नोव्हेंबर, पंचवीस. पुढे एकच शब्द,
दाढ.